रिकाम्या पिंजऱ्याची नोंद

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

मे महिन्यात मी ऑस्ट्रेलियात होतो हे फोटोंवरून बऱ्याच जणांना कळलं. परत आल्यापासून चहाच्या टपरीवर, पंचायत समितीत, अगदी दाढी करताना खुर्चीतसुद्धा एकच प्रश्न ऐकतोय : "कांगारू पाहिला का हो?" पाहिला. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रोही दिसतात तसे तिकडे कांगारू दिसतात, आणि शेतकरी तितकेच वैतागलेले असतात. पण आज लिहायचंय ते कांगारूबद्दल नाही. त्याच्याच दूरच्या भाऊबंदांबद्दल लिहायचंय. काही उंदराएवढे, काही सशाएवढे. आणि पदरचे पैसे खर्चून, पहाटे थंडीत उठून ते मोजणाऱ्या माणसांबद्दल.

माझं तिकडे जाण्याचं कारण साधं होतं. धाकटी बहीण पर्थला नर्स आहे, तिचं दुसरं बाळंतपण. आई पंचाहत्तरीची. तिला एकटीला विमानात बसवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला मी. बाळंतिणीच्या घरात आमच्यासारख्याला काम किती? भांडी, केर, मोठ्या भाच्याला शाळेत सोडणं. त्यानंतर दिवस मोकळा. बहिणीबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचे यजमान वर्षातून दोन-तीनदा प्राणी मोजायला जातात. ते सहज म्हणाले, "चार रात्रींचं काम आहे, एक माणूस कमी पडतोय, येतोस?" पगार नाही, मानधन नाही, प्रमाणपत्र नाही. उलट पेट्रोलचे पैसे वाटून द्यायचे आणि जेवणाची भांडी पाळीने घासायची. वीस वर्षं तालुक्याची पत्रकारिता केलेल्या माणसाला फुकट काम करायची सवय असतेच. गेलो.

पर्थच्या आग्नेयेला गाडीने दोन-अडीच तासांवर हा सगळा गव्हाचा मुलूख. त्याला व्हीटबेल्टच म्हणतात. मे महिन्यात तिकडे पेरणी. आपल्याकडे मृगाकडे डोळे लावतात तसे तिथले शेतकरी मेच्या पहिल्या पावसाकडे डोळे लावून असतात. नजर जाईल तिथवर सपाट शेतं, आणि मधेच बेटासारखं एखादं जंगल. आधी सगळा मुलूखच जंगल होता. गेल्या शतकात ते तोडून शेतं काढली. झाडांची खोल मुळं गेली तसं जमिनीखालचं पाणी वर आलं आणि येताना मीठ घेऊन आलं. आता मोठमोठे पट्टे खारवट होऊन पडीक झालेत. आपला खारपाणपट्टा निसर्गाने केलेला आहे, त्यांचा बराचसा माणसाने केलेला. पण पांढरी पडलेली जमीन बघून मला पूर्णेकाठच आठवला.

आम्ही सहा जण होतो. एक परवानाधारक जीवशास्त्रज्ञ, म्हणजे आमचा म्होरक्या. विद्यापीठाची दोन पोरं. शेजारच्या शेताचा मालक. एक निवृत्त शिक्षिका, वय सत्तरच्या पुढे. आणि मी. मुक्काम मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या मजुरांसाठी बांधलेल्या जुन्या खोल्यांमध्ये.

काम असं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे घडीचे डबे असतात, त्यांना एलियट ट्रॅप म्हणतात. आमिष म्हणजे शेंगदाण्याचं लोणी आणि ओट यांची लाडवासारखी गोळी. आत गेलेल्या प्राण्याचा पाय तळाच्या पट्टीवर पडला की दार मिटतं. आत उबेसाठी मऊ पिंजलेला पुंजका ठेवायचा, कारण रात्री तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरतं आणि चाळीस-पन्नास ग्रॅमचा जीव तेवढ्या थंडीत गारठून मरू शकतो. डबे ठराविक अंतरावर एका रांगेत लावायचे, प्रत्येकाला नंबर, जवळच्या फांदीला रंगीत फीत. संध्याकाळी लावायचे आणि उजाडायच्या आत तपासायला निघायचं. शेवटच्या दिवशी एकूण एक डबा बंद करून, उचलून, मोजायचा. एक जरी विसरला तर त्यात अडकलेला प्राणी तिथेच मरणार. म्होरक्याने शेवटच्या दिवशी डबे तीनदा मोजून घेतले.

प्राण्याला हात फक्त परवाना असलेल्यानेच लावायचा. असल्या कामाला प्राणी-नैतिकता समितीची आधी मंजुरी लागते : किती पिंजरे, किती रात्री, थंडी वाढली तर काय, सगळं लिहून द्यावं लागतं. माझ्याकडे काम आलं नोंदी करायचं. पॅड, पेन्सिल आणि डोक्याला बॅटरी. पेन्सिल अशासाठी की दवाने कागद ओला झाला तर शाई पसरते.

पहिल्या सकाळी पहिला डबा : रिकामा. दुसरा : रिकामा. तिसरा, चौथा, पाचवा : रिकामे. म्होरक्या दर वेळी थांबायचा, वाकून आत बघायचा आणि सांगायचा, "लिही." प्रत्येक रिकाम्या डब्याची ओळ वेगळी. रिकाम्यातसुद्धा प्रकार आहेत. दार उघडं आणि आमिष शाबूत, म्हणजे कोणी आलंच नाही. दार उघडं आणि आमिष गायब, म्हणजे बहुधा मुंग्या. दार बंद आणि आत कोणी नाही, म्हणजे कोणीतरी धक्का दिला. तो डबा त्या रात्री कामात नव्हता, हिशेबातून वजा. चाळीस डबे चार रात्री लावले की एकशे साठ "ट्रॅप-नाइट" होतात, आणि शंभर ट्रॅप-नाइटमागे किती प्राणी सापडले हा खरा आकडा. म्हणजे प्राणी भागिले रिकामे धरून सगळे डबे. छेद चुकला तर अंशाला काही अर्थ नाही. चौथी-पाचवीचं गणित आहे, पण इतक्या गांभीर्याने केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळ्यात जास्त काय सापडलं असेल? घरउंदीर. आपल्या घरात असतो तोच, जहाजांतून गेलेला. त्याचीही नोंद, त्याचंही वजन. मग दुसऱ्या सकाळी एका डब्यात मार्डो. दिसायला उंदीर, पण उंदराशी नातं नाही. तोंड लांबट, दात किडे खाणाऱ्याचे, पिल्लं पोटाशी दुधावर वाढणारी. आणि तिसऱ्या सकाळी, सत्ताविसाव्या डब्यात, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप होता तो : तांबड्या शेपटीचा फॅस्कोगेल.

त्याला नूंगार लोक केंगूर म्हणतात. हे लोक त्या मुलखाचे मूळ रहिवासी. अंगाने खारीपेक्षा लहान, राखाडी. शेपूट मात्र बघण्यासारखी : बुडाशी विटकरी आणि पुढे काळ्या केसांचा ब्रश. कापडी पिशवीत घेऊन काट्यावर लटकवला, पन्नास ग्रॅमच्या आसपास भरला. नर होता. कानाचं, पायाचं माप, एक-दोन मिनिटांत सगळं उरकून झाडाच्या बुंध्याशी सोडला. वांडू नावाचं पांढऱ्या खोडाचं निलगिरीच्या जातीचं झाड असतं, त्यावर तो सरसर चढला आणि ढोलीत गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सेल्फी काढला नाही. शिक्षिकाबाई फक्त म्हणाल्या, "जुलैपर्यंत."

याचा अर्थ मला नंतर कळला. या जातीचे सगळे नर वर्षाच्या आत मरतात. हिवाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, विणीचा हंगाम येतो. त्यात नर इतके झपाटलेले असतात की अंगातल्या तणावाच्या संप्रेरकांनी त्यांची प्रतिकारशक्तीच कोसळते, आणि हंगाम संपता संपता एकूण एक नर संपतो. मार्डोचंही तेच. म्हणजे ऑगस्टमध्ये त्या जंगलात या जातीचा एकही मोठा नर नसतो. असतात त्या पोटुशा किंवा लेकुरवाळ्या माद्या. एक वर्ष वीण फसली, आग लागली, मांजरं घुसली, तर त्या तुकड्यापुरता विषय संपला. बाहेरून येणार कोण? चहूकडे गव्हाची शेतं. म्हणून दर वर्षी मोजायचं. पाच वर्षांनी एकदा मोजलं तर फक्त मयताची बातमी कळते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा खटाटोप वेडेपणा वाटेल.

१७८८ साली इंग्रज तिथं वस्तीला आले. तेव्हापासून त्या देशातल्या तीसहून अधिक जातींचे सस्तन प्राणी कायमचे नामशेष झालेत. जगात कुठल्याच देशाची या बाबतीत इतकी वाईट कामगिरी नाही. जंगलतोड आहेच. पण बहुतेक लहान प्राण्यांना खाल्लं ते दोघांनी : जहाजातून आलेलं मांजर आणि शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेला कोल्हा. लाखो वर्षं असे शिकारी न पाहिलेले हे प्राणी पळायलाही शिकले नव्हते. टास्मानियन वाघाचं तर सरकारनेच केलं. मेंढ्या मारतो म्हणून १८८८ ते १९०९ या काळात मारलेल्या दर मोठ्या जनावरामागे एक पौंड बक्षीस. दोन हजारांवर बक्षिसं वाटली गेली. शेवटी जुलै १९३६ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळालं, आणि ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा मेला. आदेश निघाला तेव्हा वाचवायला माहितीतला असा पिंजऱ्यातला एकच उरला होता.

तेव्हा "तिकडे बघा कसं छान आणि आपल्याकडे बघा" असली ही पोस्ट नाही. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त घालवलंय. मला जे सांगायचंय ते घालवल्यानंतर काही लोकांनी काय धरून ठेवलं, त्याबद्दल.

वॉयली नावाचा सशाएवढा प्राणी आहे, कांगारूचाच धाकटा नातलग. एकेकाळी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात सर्वदूर होता. जमीन उकरून बुरशी खायची हा त्याचा धंदा. त्याने माती मोकळी होते, पाणी मुरतं. १९७०च्या दशकापर्यंत तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या तीनच जंगलांत उरला. त्यातलं एक ड्रायअँड्रा, आम्ही होतो तिथून जवळच. मग कोल्ह्यांसाठी विषारी मांस टाकायला सुरुवात झाली. त्यात निसर्गाचीच एक गंमत आहे. हे विष तिथल्या काही रानझुडपांत मुळातच असतं. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांची गुरं-मेंढरं ती झुडपं खाऊन पटापट मेली होती. पण तिथले मूळ प्राणी पिढ्यान्पिढ्या त्यांच्यात राहून ते विष बरंच पचवतात. बाहेरून आलेल्या कोल्ह्याला ते झेपत नाही. कोल्हे घटले, वॉयली वाढले. इतके, की १९९६ साली त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून समारंभपूर्वक काढण्यात आलं.

आपल्याकडे इथे फाइल बंद झाली असती. सत्कार, फोटो, पुढची योजना.

तिथं पिंजरे लावणं सुरू राहिलं. आणि त्या कंटाळवाण्या नोंदींनीच दाखवलं की १९९९ ते २००६ या काळात वॉयली नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले. आधी कोणाचा विश्वास बसेना. कोल्हे तर कमी झाले होते! ड्रायअँड्रात अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की कोल्हा हटल्यावर मोकळी जागा मांजराने घेतली. ते ताजी शिकार पसंत करतं, वाळकं विषारी मांस सहसा खात नाही. काही ठिकाणी रोगाचाही संशय होता. २००८ साली तोच वॉयली अतिशय गंभीर धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत परत गेला. यश जाहीर करून मोजणं थांबवलं असतं, तर तो "यशस्वी" म्हणूनच संपला असता आणि कोणाला कळलंही नसतं.

मांजरांचा विषय सोपा नाही, हेही सांगतो. रानटी झालेली मांजरं तिथं दर वर्षी शंभर कोटींहून अधिक मूळ वन्यजीव मारतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१५ साली त्यांच्या केंद्र सरकारने पाच वर्षांत वीस लाख मांजरं मारायचं उद्दिष्ट जाहीर केलं, आणि त्यावर जगभर गदारोळ झाला. आमच्यातल्या शिक्षिकाबाईंच्या घरात दोन मांजरं आहेत. फोटो दाखवले, लाडकी आहेत. त्यांना मी विचारलं, विषाचं पटतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "आवडत नाही. पण काहीच न करणं म्हणजेसुद्धा मारणंच आहे, फक्त दुसऱ्याला. माझी मांजरं घराबाहेर जात नाहीत." मला यावर लगेच हो म्हणता आलं नाही, आजही येत नाही. पण आवडत नसलेलं उत्तर स्वतःच्या घरापासून लागू करणारा माणूस मला भाषण देणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

हे सगळं घरी येऊन सांगितलं तेव्हा आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला : "पिशवीत पिल्लू असलेली आई पिंजऱ्यात सापडली तर?" नेमका प्रश्न. वॉयलीची मादी घाबरली की पिशवीतलं पिल्लू टाकून पळते, म्हणून ती हाताळताना पिशवीच्या तोंडाला हलकी चिकटपट्टी लावतात, नंतर ती आपोआप निघून जाते. आई म्हणाली, "मग बाळंतिणीला त्रास द्यायचाच कशाला?" द्यायचा तो शक्य तितका कमी, आणि त्यातून जे कळेल ते वाया जाऊ द्यायचं नाही. एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. तिला अर्धंच पटलं.

आता आपल्याकडे येतो.

मोजणं आपल्याला नवीन नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायची आपली जुनी रीत आहे. ज्ञानगंगेत मीही बसलोय. मजा येते, चांदण्यात जंगल कळतं. पण एका रात्रीत पाण्यावर येईल तेवढंच दिसतं, आणि सकाळी पहिला प्रश्न "वाघ दिसला का?" हाच असतो. टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत कॉलर लावलेला वाघ २०१९च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत आला, तेव्हा आठ दिवसांत मी अकरा बातम्या दिल्या. वाचकांनीही चवीने वाचल्या. पण त्याच जंगलातल्या उदमांजरावर, खवले मांजरावर, साळिंदरावर बातमी द्या, असं वीस वर्षांत मला ना कुठल्या संपादकाने सांगितलं, ना वाचकाने.

आणि नुसतं मोजणंही पुरत नाही. राजस्थानातलं सरिस्का आठवा. २००४च्या गणनेत कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ मध्ये उघड झालं की तिथं एकही वाघ उरलेला नाही. ठशांवरून मोजणी होत होती, आकडे वर जात होते, शून्य लिहायचं धाडस कोणाला नव्हतं. त्या धक्क्यानंतर देशातली व्याघ्रगणनेची पद्धत बदलली, कॅमेरे आले. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. धक्का बसल्यावर जमतं.

शोधत राहिल्याचं फळ काय असतं तेही बघा. गिल्बर्ट्स पोटोरू नावाचा छोटा प्राणी शंभरहून अधिक वर्षं नामशेष समजला जात होता. १९९४ साली ऑल्बनीजवळ दुसऱ्याच प्राण्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात तो सापडला. आणि आपला रानपिंगळा? १८८४ नंतर त्याचा पत्ता नव्हता. १९९७ साली तो सापडला कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ. ११३ वर्षं आपल्याच सातपुड्यात बसून होता. कोणी नीट शोधलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने गावातली झाडं, पिकांची वाणं, पशुपक्षी, मासे, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. गावकऱ्यांना विचारून, गावकऱ्यांनी लिहून. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील, असं बजावलं. मुदत डोक्यावर आली की कागद कसे भरले जातात हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझी विनंती एवढीच. तुमच्या गावाच्या ग्रामपंचायतीत जा आणि नोंदवही बघायला मागा. लाजायचं कारण नाही. उघडा आणि बघा : तुमच्या शिवारातली कुठली झाडं, कुठले पक्षी त्यात आहेत? शेजारच्या गावाच्या वहीत तीच यादी त्याच क्रमाने तर नाही ना? "पूर्वी दिसायचा, आता दिसत नाही" अशी एक तरी नोंद आहे का? आजोबांना विचारा, गुराख्यांना विचारा, आणि नसेल तर ती ओळ लिहून घ्यायला लावा. नाही सापडलं ही नोंदसुद्धा पुढच्या माणसाच्या कामाची असते.

पुढच्या आठवड्यात आमच्याच गावची वही बघायला मी जाणार आहे. तीन कॉलेजची पोरं तयार झालीत. पेन्सिली मी आणतोय. अजून कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, चहा ज्याचा त्याने प्यायचा.